आधी दूध केंद्राची वही, मग डेटा फ्लो डायग्राम

बीसीए, बीबीए (सीए), एमसीए किंवा एमबीएतली सिस्टिम्स शाखा, यांपैकी कुठलाही अभ्यासक्रम घ्या. ‘सिस्टिम अ‍ॅनालिसिस अँड डिझाइन’ हा विषय स्वतंत्र पेपर म्हणून किंवा सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पोटात असतोच. एखाद्या धंद्याची माहिती कुठून येते, कुठे साठते, कोणाच्या हातातून जाते, कुठे अडते आणि ती संगणकावर आणायची तर नेमकं काय बांधायचं, हे ठरवण्याची ही विद्या. मोठ्या कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट होणाऱ्याला ती लागते, तशी तालुक्याच्या गावी चार दुकानांना सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्यालाही लागते. आणि नेमकी हीच विद्या आपण अशी शिकवतो की पदवी मिळते, पण विद्येची गाठ पडत नाही.

सध्याची रीत सगळ्यांच्या ओळखीची आहे. प्रोजेक्टच्या सत्रात आधी शीर्षक ठरतं: लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, ऑनलाइन शॉपिंग. मग कोड येतो, बऱ्याचदा आयता. स्क्रीन चालू झाल्या की टेबलांवरून ईआर डायग्राम (माहितीच्या घटकांमधल्या नात्यांची आकृती) काढला जातो, मेनूवरून डीएफडी, म्हणजे डेटा फ्लो डायग्राम (माहितीच्या प्रवाहाची आकृती). ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा छापील अहवाल) बाइंडिंगला जायच्या बेतात असताना ‘एक्झिस्टिंग सिस्टिम’ आणि ‘फीझिबिलिटी स्टडी’ ही प्रकरणं लिहिली जातात. त्यात ठरलेली वाक्यं असतात: सध्याची पद्धत हातानं चालते, वेळखाऊ आहे, चुका होतात. कोणत्या चुका, कोणाचा वेळ, किती वेळ, याबद्दल एक ओळ नसते. तांत्रिक, आर्थिक आणि प्रत्यक्ष वापराच्या अंगानं व्यवहार्यता तपासली जाते आणि प्रकल्प व्यवहार्य ठरतो, कारण तो आधीच तयार असतो. विश्लेषण ज्या क्रमानं व्हायला हवं त्याच्या हा नेमका उलटा क्रम. व्हायवात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, स्क्रीन पाहतात आणि गुण स्क्रीनला देतात, त्यामुळे विद्यार्थ्यांनी क्रम उलटा केला यात त्यांचा दोष मला दिसत नाही.

माझं म्हणणं असं आहे: हा विषय चालत्या धंद्याच्या काउंटरवर शिकवला पाहिजे, आणि त्याचे निम्म्याहून अधिक गुण ‘आज काम कसं चालतं’ याच्या अभ्यासाला दिले पाहिजेत. या विषयात कोडची एकही ओळ लिहिली गेली नाही तरी चालेल.

हे का, ते कळण्यासाठी एक धंदा जवळून पाहू. पश्चिम महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर असतं ते दूध संकलन केंद्र. वर्गात बसून ‘मिल्क कलेक्शन सिस्टिम’चा कॉन्टेक्स्ट डायग्राम (सगळी प्रणाली एकाच गोलात दाखवणारी आकृती) काढायला सांगितला तर मधे एक गोल, डावीकडे ‘शेतकरी’, उजवीकडे ‘डेअरी’ आणि ‘अ‍ॅडमिन’ असे चौकोन येतात. पहिल्या पातळीवर तीन प्रक्रिया: दूध नोंदवा, दर काढा, बिल करा. आकृतीच्या नियमांनी पाहिलं तर यात चूक नाही. पण ही आकृती काढायला केंद्रावर जायची गरज पडत नाही, आणि म्हणूनच ती काही सांगत नाही.

आता केंद्रावर उभं राहा. सकाळी दीड तासात समजा 120 उत्पादक येतात. म्हणजे माणशी 45 सेकंद. तेवढ्यात कॅन ओतायचा, वजन घ्यायचं, नमुना काढायचा, फॅट बघायचं, पावती द्यायची. पडद्यावर नोंद करायला यातले फार तर दहा सेकंद मिळतात, आणि नोंद करणाऱ्याचे हात बहुधा ओले असतात. नावांची लांबलचक यादी उघडून माऊसनं सभासद निवडायची स्क्रीन इथे पहिल्याच सकाळी बंद पडेल. इथे माणूस कोड नंबर सांगतो, नंबर आकड्यांच्या कीपॅडवर टाकला जातो, आणि वजन शक्य तर काट्यावरून थेट यायला हवं. इनपुट डिझाइनच्या धड्यात ‘स्क्रीन वापरायला सोपी असावी’ असं वाक्य असतं. सोपी म्हणजे काय, ते या 45 सेकंदांत कळतं.

मोजणीकडे या. लॅक्टोमीटरची (दुधाची घनता मोजणाऱ्या साधनाची) डिग्री 28 असेल तर त्या दुधाची घनता 1.028, म्हणजे 100 लिटर दूध 102.8 किलो भरतं. केंद्रावर उत्पादकाचं दूध लिटरमध्ये लिहिलं आणि दूध संघाच्या डॉकवर (दूध उतरवायच्या जागी) टँकर किलोत तोलला, तर नुसत्या एककाच्या गफलतीनं पावणेतीन टक्क्यांहून जास्त फरक पडतो. डेटा डिक्शनरीत (प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणाऱ्या यादीत) ‘क्वांटिटी, दशांश, दोन स्थळं’ एवढंच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक दिसणं शक्य नाही. दुधाचं तापमान बदललं की डिग्रीत दुरुस्ती करावी लागते. डिग्री आणि फॅटवरून एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) काढायचं सूत्रही सगळीकडे एकच असतं असं समजू नये. त्यातले स्थिरांक कोणते, हे ज्या त्या संघाला विचारून घ्यावं लागतं. गायीच्या दुधाचा दर साधारण 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून सांगितला जातो, म्हशीचा 6.0 आणि 9.0 धरून. खरा दर मात्र दरपत्रकाच्या तक्त्यात असतो: एका बाजूला फॅट, दुसऱ्या बाजूला एसएनएफ, 0.1 च्या पायरीनं. यंत्रावर 3.45 आलं तर ते 3.4 च्या घरात टाकायचं की 3.5 च्या? समजा एका पायरीला 30 पैसे फरक आहे आणि उत्पादक पाळीला 10 लिटर घालतो. दहा दिवसांच्या 20 पाळ्यांत हा प्रश्न 60 रुपयांचा होतो. हे गोलाईचं धोरण कोणी ठरवलं आणि ते कुठे लिहिलंय, हे विचारणं हेच विश्लेषकाचं काम.

बिल दहा दिवसांनी निघतं, हे सगळे सांगतात. 1 ते 10, 11 ते 20, आणि 21 ते महिनाअखेर. हा तिसरा टप्पा 31 दिवसांच्या महिन्यात 11 दिवसांचा असतो, फेब्रुवारीत 8 किंवा 9. ज्यानं ‘बिलाचा कालावधी = 10 दिवस’ असं धरून बांधणी केली, त्याचं बिल जानेवारीतच चुकतं. केंद्राच्या सचिवाला विचारलं तर तोही ‘दहा दिवसांचं’ असंच म्हणेल, कारण त्याच्या दृष्टीनं तो शब्द बरोबर आहे. म्हणून मुलाखतीवर भागत नाही, मागची बिलं पुढ्यात घेऊन तारखा वाचाव्या लागतात.

मग वीज जाते. गाडीची वेळ ठरलेली असते, त्यामुळे संकलन थांबत नाही. यंत्र बंद, तर नमुने ठेवून नंतर तपासले जातात, किंवा आदल्या पाळीचं फॅट धरलं जातं, किंवा सरासरी लावली जाते. कागदावर तिन्ही आकडे सारखेच दिसतात. पण ‘मोजलेलं’ फॅट आणि ‘धरलेलं’ फॅट या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. नोंदीत त्यासाठी वेगळा रकाना नसेल, तर महिन्याभरानं उत्पादक वाद घालायला आला की कोणाकडेच उत्तर नसतं. केंद्रावरच्या वहीत अशा दिवशी पेन्सिलीनं एखादी खूण केलेली सापडते. ती खूण म्हणजे सध्याच्या पद्धतीत असलेला, पण कुठल्याही छापील नमुन्यात नसलेला रकाना. विश्लेषण शिकवताना समासातल्या या खुणांसाठी मी सगळ्यात जास्त वेळ देईन. छापील रकाने नियम सांगतात आणि समासातली नोंद अपवाद सांगते, आणि सॉफ्टवेअर फसतं ते बहुतेक वेळा अपवादापाशी.

वजावटीही तशाच. एखाद्याचं बिल 1,840 रुपये झालं. पशुखाद्याचे 1,400 आणि उचलीचे 600 कापायचे आहेत. बेरीज 2,000. उरलेले 160 रुपये पुढच्या बिलात ओढायचे, हे ठीक. पण आधी खाद्य वसूल करायचं की उचल? घरखर्चाला काही रक्कम हातात द्यायची पद्धत आहे का? उत्पादकानं अधूनमधून दूध घालणं बंद केलं तर ही बाकी कुठे दिसणार? इथे आकृत्यांची खरी किंमत कळते. डीएफडीचा समतोलाचा नियम असा आहे की वरच्या पातळीवर जे प्रवाह आत-बाहेर जातात, तेच खालच्या पातळीवर दिसले पाहिजेत, आणि कुठल्याही प्रक्रियेतून जी माहिती बाहेर पडते ती कुठून तरी आत आलेली असली पाहिजे. बिलावर वजावट दिसते, मग वजावटीची माहिती ‘बिल करा’ या गोलात कुठून आली? शोध घेतला की खाद्याच्या गोदामाची वेगळी वही सापडते, जिच्याबद्दल मुलाखतीत कोणी बोललंच नव्हतं. आकृती अशी प्रश्न विचारायला वापरली तर ती फार कामाची आहे, आणि म्हणून आकृत्या अभ्यासक्रमातून काढा असं माझं म्हणणं अजिबात नाही. त्यांना तपासायला समोर काहीतरी खरं हवं.

डिसिजन टेबलचंही (कोणत्या अटींना कोणता निर्णय, हे मांडणाऱ्या तक्त्याचंही) तेच. दूध परत करायचं की घ्यायचं, यासाठी समजा तीन अटी आहेत: दूध नासलंय का, डिग्री मर्यादेखाली आहे का, आणेल तो सभासद आहे की बिगर सभासद. तीन हो-नाही अटी म्हणजे आठ रकाने. केंद्रावरचा माणूस तोंडी सांगतो त्यात बहुधा तीन-चार प्रकार येतात, कारण रोज तेवढेच घडतात. उरलेल्या रकान्यांपुढे बोट ठेवून ‘असं झालं तर?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘तसं झालं तर चेअरमनला फोन लावतो.’ हेही उत्तरच आहे. ते तक्त्यात लिहायचं, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या जागी आपोआप निर्णय घालायचा नाही. परीक्षेत मात्र तक्ता तयार अटींसह छापून येतो आणि विद्यार्थी हो-नाही भरतो. अटी शोधणं हे खरं काम प्रश्नपत्रिका काढणाऱ्यानंच करून टाकलेलं असतं.

डिझाइनकडे वळलं तर पाठांतर कसं घात करतं, त्याचं एक ठळक उदाहरण याच केंद्रात आहे. नॉर्मलायझेशन (एकच माहिती दोनदा साठू नये म्हणून टेबलं विभागायची रीत) शिकलेला विद्यार्थी म्हणतो, दर तर फॅट, एसएनएफ आणि तारखेवरून दरपत्रकातून काढता येतो. मग रोजच्या नोंदीत तो पुन्हा कशाला ठेवायचा? तो दराचा रकाना काढून टाकतो. तीन महिन्यांनी दरपत्रकातली एखादी चूक कोणी दुरुस्त करतं आणि तीन महिन्यांपूर्वीचं, पैसे दिलेलं बिल पुन्हा छापलं की रक्कम वेगळी येते. त्या दिवशी त्या दुधाला लावलेला दर ही त्या व्यवहाराची स्वतःची माहिती आहे. दरपत्रकातला दर ही वेगळी माहिती. दोन्ही ठेवणं म्हणजे पुनरुक्ती नव्हे. शिवाय दरपत्रकाला नुसती लागू तारीख पुरत नाही, पाळीही लागते, कारण नवा दर सकाळपासून लागू झाला की संध्याकाळपासून, यावर त्या दिवसाचा अर्धा हिशेब अवलंबून असतो. आणि झालेली नोंद खोडून नवी लिहायची सोय मुळात देऊच नये. जुनी नोंद तशीच ठेवून दुरुस्तीची वेगळी नोंद करायची: कोणी केली, कधी केली, का केली. जुने मुनीम खोडाखोड न करता उलट नोंद टाकतात, त्यामागे हेच शहाणपण आहे.

बाहेरचा नियम बदलला की डिझाइनची कसोटी लागते. 2024 च्या सुरुवातीला राज्य शासनानं गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिलं. ते थेट उत्पादकाच्या खात्यात जायचं होतं आणि त्यासाठी जनावराच्या कानातल्या 12 अंकी टॅगची नोंद लागत होती. केंद्राची पद्धत सभासदाचा कोड आणि दुधाचं माप ओळखते. गाय तिला ठाऊकच नसते, कारण चार गायींचं दूध एकाच कॅनमधून येतं. कोड आईच्या नावावर आणि बँक खातं मुलाच्या, अशी घरं वेगळीच. हा बदल आधी कोणी ओळखू शकलं नसतं, मान्य. पण ‘सभासद’, ‘खातेदार’ आणि ‘जनावराचा मालक’ या तीन भूमिका एकाच टेबलात कोंबल्या होत्या की वेगळ्या ठेवल्या होत्या, यावर पुढचं सगळं काम ठरतं. बाजार समितीतही असंच झालं. जुलै 2016 मध्ये फळं-भाजीपाल्यावरची आडत (आडत्याची दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. ‘आडत म्हणजे शेतकऱ्याच्या पट्टीतली (विक्रीच्या हिशेबातली) वजावट’ असं ज्यानं कोडमध्येच पक्कं केलं, त्याला सगळी पट्टी नव्यानं लिहावी लागते. ‘कोणता आकार, किती, कोणाकडून, कधीपासून’ असा तक्ता ठेवणाऱ्याला एक ओळ बदलावी लागते.

या विद्येचा उगमही काउंटरवरचाच आहे. धंद्याच्या रोजच्या कामासाठी पहिला संगणक वापरला तो लंडनच्या लायन्स या चहाची दुकानं आणि बेकरी चालवणाऱ्या कंपनीनं, 1951 मध्ये. त्याचं नाव लिओ. ही कंपनी त्याच्या कितीतरी आधी, 1930 च्या दशकापासून, स्वतःच्या कारकुनी पद्धतींचा अभ्यास करणारा विभाग चालवत होती. 1954 मध्ये दुकानांच्या मागणीचं काम लिओवर आलं तेव्हा त्यांनी रोज प्रत्येक दुकानाची पूर्ण मागणी संगणकात भरली नाही. प्रत्येक दुकानाची ठरलेली मागणी आधीच साठवलेली होती, आणि व्यवस्थापिका फोनवरून फक्त त्या दिवसाचा बदल कळवत होती. हे डिझाइन कुठल्या सूत्रातून निघालेलं नाही. दुकानाची मागणी रोज थोडीच बदलते, हे पाहिलेल्या माणसांना ते सुचलं. आपण विद्यार्थ्यांना विन्स्टन रॉइस यांच्या 1970 च्या लेखातल्या आकृतीतून उतरलेलं वॉटरफॉल (एक पायरी संपवून पुढची, असं सॉफ्टवेअर बांधायचं प्रारूप) पाठ करायला लावतो. त्याच लेखात त्यांनी एकामागून एक पायऱ्या उतरत जाणं जोखमीचं आहे असा इशारा दिला होता, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितलं जातं.

कामाची पद्धत न पाहता बांधलं की काय होतं, याची मोठी उदाहरणं शिकवायला हवीत. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हाचा मूळ आराखडा असा होता: विक्रीची बिलं 10 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 या विवरणपत्रामध्ये, खरेदीची पडताळणी 15 पर्यंत जीएसटीआर-2 मध्ये, आणि 20 पर्यंत जीएसटीआर-3. कागदावर हा आराखडा सुंदर होता; प्रत्येक बिल दोन्ही बाजूंनी जुळणार होतं. पण त्यात असं गृहीत होतं की देशभरातला छोटा व्यापारी दर महिन्याला पाच दिवसांत समोरच्याच्या प्रत्येक बिलावर ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ करत बसेल. ज्याची बिलं महिनाअखेरीस पिशवीतून सीएकडे जातात, त्याच्याकडून ही अपेक्षा. काही महिन्यांतच जीएसटीआर-2 आणि 3 स्थगित झाले, आणि तात्पुरतं म्हणून आणलेलं 3बी हेच मुख्य विवरणपत्र होऊन बसलं. 2020 मध्ये खरेदीच्या बिलांचा 2बी हा तक्ता आला. तो व्यापाऱ्यानं भरायचा नसतो, आपोआप तयार होतो. व्यवहार्यतेतला ‘प्रत्यक्ष वापर’ हा भाग आपण ब्लॅक बुकात दोन ओळींत उरकतो. तो उरकल्याची किंमत काय असते, ते इथे दिसतं.

ब्रिटनमध्ये ती किंमत माणसांनी भोगली. तिथल्या पोस्ट ऑफिसनं 1999 पासून होरायझन ही हिशेबाची प्रणाली शाखांमध्ये बसवली. पडद्यावर तूट दिसली की ती शाखा चालवणाऱ्यानंच केली, असं धरलं गेलं. पुढच्या दीड दशकात 900 हून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले. डिसेंबर 2019 मध्ये न्यायालयानं प्रणालीतच दोष असल्याचं मान्य केलं, आणि 2024 मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. कोडमधले दोष हा यातला एक भाग झाला. विश्लेषणाच्या टप्प्यावर विचारायचा प्रश्न वेगळा होता: यंत्र आणि माणूस यांचं जुळलं नाही तर पडताळणी कशी होणार, आणि काउंटरवरच्या माणसाच्या हातात पुरावा काय असणार? दूध केंद्रावरच्या उत्पादकाबद्दलही हाच प्रश्न विचारायचा असतो. त्याच्या हातातल्या पावतीवर वजन, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम सगळं असतं का, की नुसते लिटर? पावतीवर काय छापायचं हा आउटपुट डिझाइनचा भाग खरा, पण तो न्यायाचाही भाग आहे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप शिक्षकांचा, आणि तो रास्त आहे: एका वर्गात 60 विद्यार्थी, एक शिक्षक, हे जमायचं कसं? चौघांचा एक गट केला तर 15 धंदे लागतात. ते सगळे दूध केंद्र असायची गरज नाही. खतांचं दुकान, औषधाचं दुकान, पिठाची गिरणी, मंडपाचं सामान भाड्यानं देणारा, आडत्याची पेढी, रोपवाटिका, यांतलं काहीही चालतं. अट एकच: तिथे रोज नोंदी होत असाव्यात आणि किमान तीन वेगवेगळी माणसं त्या नोंदींना हात लावत असावीत. एकट्यानं चालवलेल्या दुकानात माहितीचा प्रवाह त्याच्या डोक्यातच राहतो, पाहायला मिळत नाही.

मालक वह्या दाखवत नाहीत, हा दुसरा आक्षेप. करभरणीची भीती असते, शेजारच्या दुकानदाराची असते. म्हणून उलाढाल विचारायचीच नाही. कोरे नमुने मागायचे, भरलेले हवे असतील तर नाव आणि रक्कम झाकून. प्राचार्यांचं पत्र न्यायचं. काम झाल्यावर दोन पानांचा कागदपत्रांचा नकाशा मालकाला द्यायचा: कोणती नोंद कुठे दोनदा लिहिली जाते, कोणती हरवते. फुकट काहीतरी हातात पडणार म्हटल्यावर दुसऱ्या वर्षी दार उघडतं. पतसंस्थेत मात्र ठेवीदारांची माहिती असल्यामुळे विद्यार्थ्यांना सहसा पाठवू नये.

तिसरा आक्षेप काळाचा आहे. टॅली आणि तयार ईआरपी (सगळ्या धंद्याचं काम सांभाळणारी पॅकेजेस) असताना कोणी शून्यातून बांधत नाही, आणि कोड तर आता एआय लिहून देतो. हे दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच विश्लेषणाचं वजन वाढलंय. तयार पॅकेज घेताना ते आपल्या कामात कुठे बसतं, कुठे बसत नाही आणि न बसणाऱ्या जागी पॅकेज वाकवायचं की काम, हे ठरवायला आधी काम माहीत असावं लागतं. एआयला ‘दूध संकलनाची प्रणाली बनव’ असं सांगितलं तर तो वर्गातल्या आकृतीसारखीच, तीन प्रक्रियांची, दहा दिवसांच्या बिलाची प्रणाली बनवण्याची शक्यता जास्त. 31 तारीख, धरलेलं फॅट, 160 रुपयांची बाकी, या गोष्टी त्याला कोणीतरी सांगाव्या लागतात. अ‍ॅजाइलचा (थोडं थोडं बांधत जायच्या पद्धतीचा) आधार घेऊन ‘आधी एवढं कोण लिहितं’ म्हणणाऱ्यांनाही हेच सांगायचं आहे. ‘सचिव म्हणून मला बिल काढायचं आहे’ या एका युझर स्टोरीत (वापरणाऱ्याच्या तोंडच्या गरजेत) असे कितीतरी अपवाद लपलेले असतात, मग ते पहिल्या आठवड्यात शोधा की सहाव्या.

वेळेची सोय तर झालेलीच आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यानं 2023 च्या शासन निर्णयात पदवीच्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक ठेवले. फील्ड प्रोजेक्टच्या एका श्रेयांकाला सत्रात 30 तास, म्हणजे दोन श्रेयांकांना 60. ते असे वाटता येतात. पहिले 12 तास नुसतं पाहायचं, दोन-दोन तासांच्या सहा पाळ्या; त्यात सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही, आणि एक बिलाचा दिवस हवाच. या 12 तासांत लॅपटॉप उघडायचा नाही. पुढचे 10 तास कागद गोळा करायचे: पावती, पाळीचं रजिस्टर, बिल, खाद्याची वही, दरपत्रक, टँकरची पोच. प्रत्येक रकाना कोण भरतं, कोण वाचतं आणि कोणीच वाचत नाही असा कोणता, ते लिहायचं. 10 तास मुलाखती, त्याही फक्त सचिवाच्या नव्हे. फॅट बघणारा, गाडीवाला, संघाचा सुपरवायझर, एक मोठा उत्पादक आणि एक दोन लिटर घालणारी बाई. ‘तुमच्या अडचणी काय?’ असं विचारलं तर ‘सगळं व्यवस्थित आहे’ हेच ऐकायला मिळतं. ‘मागच्या बिलात कोणाची रक्कम हातानं बदलली, आणि का?’ असं विचारायचं. मग 12 तास आकृत्या आणि डिसिजन टेबल.

त्यानंतरचे 8 तास माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे: लिहिलेलं त्याच माणसांना वाचून दाखवायचं. 2017 मध्ये महसूल विभागानं संगणकावरच्या सातबाऱ्यांचं चावडी वाचन केलं; उतारे गावासमोर वाचले आणि लोकांनी चुका दाखवल्या. पडताळणीची याहून चांगली पद्धत आपल्याकडे दुसरी नाही. डीएफडी सचिवाच्या हातात देऊन उपयोग नाही, तो गोल आणि बाण वाचणार नाही. ‘तुम्ही आधी वजन घेता, मग नमुना काढता, नासलेलं असेल तर चेअरमनला विचारता’ असं साध्या वाक्यांत सांगितलं की तो मधेच थांबवतो आणि राहिलेली गोष्ट सांगतो. किती ठिकाणी थांबवलं आणि काय बदललं, याची यादी अहवालाला जोडायची. शेवटचे 8 तास डिझाइनला: टेबलं, पावतीचा नमुना, नोंदीच्या स्क्रीनचं कागदावरचं चित्र.

गुणांची विभागणी बदलल्याशिवाय हे टिकणार नाही. 2024-25 पासून बीसीए आणि बीबीए एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आल्यामुळे अभ्यास मंडळांपुढे अभ्यासक्रम पुन्हा आलेलेच आहेत. 50 गुणांच्या मूल्यमापनात 20 सध्याच्या पद्धतीच्या अभ्यासाला, 10 अपवादांच्या यादीला, 10 वाचून दाखवल्यावर झालेल्या बदलांना (हे 40 ‘आज काम कसं चालतं’ याचेच) आणि 10 डिझाइनला, असा ठराव करता येईल. चालत्या कोडला शून्य. त्यासाठी इतर पेपर आहेत. व्हायवात एक्स्टर्नलनी स्क्रीन मागण्याऐवजी गटानं आणलेलं, नाव आणि रक्कम झाकलेलं एक भरलेलं बिल पुढ्यात घ्यावं, त्यातल्या उरलेल्या कुठल्याही एका आकड्यावर बोट ठेवावं आणि तो कुठून आला, कोणी लिहिला, चुकला तर कोणाला कळेल, हे चौघांपैकी कोणालाही विचारावं. ज्या गटाचे विद्यार्थी केंद्रावर उभे राहिले असतील, त्यांना या प्रश्नाची वेगळी तयारी करावी लागत नाही. आणि महाविद्यालयाच्या हातातले अंतर्गत गुण या पद्धतीनं द्यायला विद्यापीठाच्या ठरावाची वाट पाहायचीही गरज नाही. येत्या सत्रातल्या पहिल्या तासिकेला गट पाडून कामाला लागता येतं.